८४ वर्षांच्या बेने इस्राएल आत्यावर माहितीपट करतोय, सल्ला हवा

शनवारतेली (धागाकर्ता)

माझ्या थोरल्या आत्यावर माहितीपट करायला घेतला आहे. तीस-चाळीस मिनिटांचा. आधी घरच्यांसाठी, आणि जमलाच तर चार बाहेरच्यांना दाखवण्याजोगा. पोटापाण्यासाठी मी जाहिरातींचं एडिटिंग करतो, त्यामुळे कापाकापी येते. पण जिनं आपल्याला लहानपणी कान धरून पाढे म्हणायला लावले तिच्यासमोर कॅमेरा लावून बसायचं, हे प्रकरण निराळं आहे.

आत्याचं वय ८४, घर ठाण्यात. लग्न केलं नाही. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. अजूनही दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की रिक्षा थांबवून मालकाला बाहेर बोलावते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात बायका, सात पुरुष तेवढे वाचले, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर, चेऊलकर. १९४८च्या सुमारास आम्ही वीसेक हजार होतो, पुढे बहुतेक सगळे इस्रायलला गेले. इथं उरलेत काही हजार.

आता अडचणी. इस्रायलमधल्या अश्दोदचा चुलतभाऊ खर्चाला हातभार लावतोय आणि त्याला सुरुवातीला नवगावच्या समुद्रावरून ड्रोन हवाय. त्यावर भारदस्त आवाजात निवेदन, मग मुंबईची जुनी मशीद (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो), मग हळूहळू आत्या. माझं म्हणणं, आत्या येईस्तोवर बघणारा उठून जाईल. शिवाय एकदा तिला 'लोप पावत चाललेल्या समाजाची शेवटची खूण' करून टाकलं की खेळ खलास. तिला पोस्टातल्या रांगेत घुसणाऱ्यांचा राग येतो, तिला क्रिकेट कळतं, शेजारणीशी तिचं कुंड्यांवरून वैर आहे. हे सगळं त्या खुणेत कुठं बसवू?

दुसरं, शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी ती दिवा लावते आणि तिथून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत घरात कॅमेरा नाही, फोनसुद्धा कपाटात. म्हणजे दिवा लावतानाचा सगळ्यात सुंदर क्षण मला मिळणारच नाही.

तिसरं सगळ्यात अवघड आहे. आमचे आजोबा १९५०च्या शेवटी सगळं विकून इस्रायलला गेले आणि १९५२ साली परत आले. आत्या तेव्हा शाळकरी पोर. याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मी विचारलं तर म्हणते, "तिथं थंडी फार." आणि विषय बंद.

तांत्रिक सल्लाही चालेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ध्वनिवेडा

विषय मस्त. बाकीचं इतर सांगतील, मी आवाजाचं सांगतो, कारण घरगुती माहितीपट तिथंच मार खातात. चित्र थोडं हललेलं चालतं, पण आवाज घुमत असेल तर दहा मिनिटांत डोकं उठतं.

पंखा बंद करायलाच लागेल, पण ८४ वर्षांच्या बाईला मे महिन्यात पंख्याशिवाय बसवू नका. थंडीत करा, सकाळी करा, आणि दर वीस मिनिटांनी पंखा लावून चहा घ्या. फ्रिज बंद करत असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी जाताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहते. (हसू नका, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे.) लेपल माईक पदराच्या बाजूला लावू नका, सुती साडीची सळसळ नंतर निघत नाही. दुसऱ्या खांद्याच्या बाजूला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. कानाचं यंत्र असेल तर माईक त्याच्यापासून लांब.

बांगड्यांचा आवाज मात्र राहू द्या. आणि उठायच्या आधी त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. एडिटिंगला काय उपयोग होतो ते तुम्हाला ठाऊकच असेल.

ट्यूबलाइट असली तर शटर एक-पन्नासांश, पंचवीस फ्रेम्स. नाहीतर लुकलुक दिसेल.

टवाळ_टिनपाट

"सह्याद्रीच्या कुशीत आणि सिंधुसागराच्या साक्षीनं..." अशी सुरुवात केलीत तर मी पैसे परत मागेन. फुकट असला तरी.

पेठेतली_काकू

@टवाळ, +१००.

शनवारतेली, माझं बालपण पुण्यात रास्ता पेठेत गेलं. तिथली सुक्काथ शेलोमो मशीद आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. (लाल देऊळ वेगळं, तीही मशीदच, पण ते कॅम्पात, ससूनांचं, बगदादी ज्यू मंडळींचं.) आमच्या वाड्यात तुमच्यापैकी एक कुटुंब होतं. त्यांच्या आजीबाईंचा श्रावण आणि आमचा श्रावण जवळपास एकदम यायचा आणि बिरडं दोन्ही घरी शिजायचं. त्यांचा त्या दिवसांत बिरड्याचा रोजा असे. आम्हाला वाटायचं ते आमच्यासारखेच आहेत, फक्त देवघर भिंतीत नाही.

एक सुचवते. प्रश्न विचारू नका, वस्तू हातात द्या. फोटो, डबा, जुनं रेशन कार्ड, काहीही. माझ्या सासूबाईंना "लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं की त्या "काय सांगायचं, बरं होतं" म्हणायच्या. एकदा जुना अडकित्ता हातात दिला तर दुपार गेली.

तुमच्याकडं हग्गादा (वल्हांडण सणाची पोथी) असेलच ना? १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली होती, चित्रांसकट. त्यातल्या बायका साडी नेसून जमिनीवर बसून मत्झा (बिनखमिराची पोळी) लाटताना दाखवल्यात. वल्हांडणाच्या ग्रंथात साडीतली बाई! असं एखादं पान आत्यांच्या हातात दिलंत तर त्या बोलायच्या थांबणार नाहीत.

शनवारतेली

@ध्वनिवेडा, किल्लीची युक्ती आजच वापरली. आत्यानं विचारलं, "फ्रिजमध्ये किल्ली ठेवायला लाज नाही वाटत?"

@काकू, १८७४ची नाही, पुष्कळ नंतरची आहे, पण आहे. पानं सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. काल तिच्या हातात दिली. तिनं आधी दोरा सोडला, पानं आकड्यांप्रमाणे लावली, एक पान कमी निघालं म्हणून मला ओरडली, आणि मग एका तपकिरी डागावर बोट ठेवून म्हणाली, "हे तुझ्या बापानं केलंय. सरबत सांडलं आणि माझं नाव सांगितलं." त्यावर बरंच काही निघालं, आणि तो कच्चा तुकडा मला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला वाटतो. बाबांचा त्यात जो उद्धार झालाय तो ठेवायचा की नाही हे ते हयात असताना ठरवणं कठीण आहे.

खाडीपलीकडे

मी अलिबागचा. इस्राएल आळीत आमचं येणंजाणं असायचं, मागेन अबोथ मशिदीच्या मागच्या बाजूला क्रिकेट खेळून मोठा झालो. त्यामुळे दोन शब्द हक्कानं.

ड्रोनवर इतका राग नको. नवगावला गलबतातल्या बुडालेल्यांचं जे दफन आहे, तिथं आता स्मारक आहे, ते आकाशातून दाखवाल तर एक पांढरा ठिपका दिसेल. त्यापेक्षा आत्यांना घेऊन या. रेवदंड्याची बेथ एल मशीद, चौलचा रस्ता, त्यांचं गाव. चालवत नसेल तर गाडीतून. त्या खिडकीतून काय बघतात आणि काय बोलतात, तोच तुमचा इतिहास. भावाला नवगाव मिळालं आणि तुम्हाला आत्या मिळाल्या.

खंडाळ्याचा टप्पा चुकवू नका. घाटातला खंडाळा नव्हे, अलिबागजवळचा. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबी या प्रेषितांच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. तिथून ते स्वर्गात गेले म्हणतात. लग्न ठरलं, नोकरी लागली, आजारातून उठलं की मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करायला मंडळी तिथं येतात. इस्रायलहूनही येतात, थेट विमानतळावरून टॅक्सी करून. गावकरीही त्या जागेला मान देतात.

सांजवात

माहितीपटाच्या क्षेत्रात थोडं काम केलं आहे म्हणून लिहितेय. थोडा विरोधी सूर लागेल.

वस्तू, डाग, खिडकी हे सगळं छान आहे, पण त्यानं फक्त गोड माहितीपट होतो. ८४ वर्षांच्या बाईचं आयुष्य क्रमवार, जन्मापासून आजपर्यंत, एकदा तरी सलग रेकॉर्ड करून ठेवा. चित्रपटात वापरा अथवा नका वापरू. शोआ फाउंडेशननं १९९४पासून नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेल्यांच्या आणि साक्षीदारांच्या पन्नास हजारांहून जास्त साक्षी नोंदवल्या, त्यांची रीत बघा. माणसाच्या स्वतःच्या घरात बसायचं. आधीचं आयुष्य, मग ते दिवस, मग नंतरचं, असं ओळीनं विचारायचं. मुलाखतकारानं कमीत कमी बोलायचं. शेवटी कुटुंबाला बाजूला बसवायचं आणि फोटो एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायचे. तुमच्या आत्यांची गोष्ट वेगळीच आहे, सुदैवानं. भारतात ज्यूंना ज्यू म्हणून कुणी छळलं नाही हे तुमचीच मंडळी अभिमानानं सांगतात. पण रीत उपयोगी आहे.

दिव्याचं म्हणाल तर बुधवारी लावून घ्या. तेच घर, तोच दिवा, तीच आत्या. बघणाऱ्याला वार कळत नाही. जगभर असंच करतात.

आणि १९५२चं विचाराच. टाळू नका. तेच तुमच्या चित्रपटाचं पोट आहे.

टवाळ_टिनपाट

बुधवारी दिवा लावायचा तर मग मे महिन्यात दिवाळीचे फटाके आणि जूनमध्ये गणपती विसर्जन पण उरकून टाकू.

दिमोनाकर

शालोम मंडळी. मी इस्रायलमध्ये दिमोनाला असतो, जन्म मुंबईचा, भायखळा. मराठी लिहिताना चुका होतील, धागाकर्त्यांच्या आत्याबाईंना दाखवू नका.

सांजवातबाई, बुधवारी नाही चालणार. दिव्याबरोबर बराखा म्हणतात, म्हणजे देवाचं नाव घेऊन आशीर्वचन. कारण नसताना देवाचं नाव फुकट घ्यायचं नसतं. बराखा न म्हणता नुसता दिवा लावून दाखवला तर ते नाटक होईल आणि ज्यांनी घरात ते पाहिलंय त्यांना लगेच कळेल. माझी आई असती तर तिनं लावलाच नसता. बुधवारी कॅमेऱ्यासाठी दिवा लावणारी बाई वेगळी, आणि शुक्रवारी सगळं बाजूला सारून लावणारी वेगळी.

दुसरं १९५२चं. त्याबद्दल मला थोडं माहीत आहे. सुरुवातीला आलेल्यांपैकी बऱ्याच लोकांना बीरशेवाकडं वाळवंटात पाठवलं. मुंबईत रेल्वेत, पोस्टात, गिरण्यांत कारकुनी केलेली माणसं, त्यांना रस्ते खणायचं काम. घरं म्हणजे तंबू नाहीतर पत्र्याची खोपटी. आमच्या घरात सांगत की पावाच्या दुकानात भारतातल्यांना काळा पाव द्यायचे आणि म्हणायचे, तुम्ही काळे, तुम्हाला काळा. लोकांनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून. १९५२ साली एका तुकडीला खरंच परत पाठवलं. त्यातले पुष्कळ जण नंतर पुन्हा इकडं आले. काही नाही आले. तुमचे आजोबा त्यांतले असणार.

इथं राहिलेल्यांचंही सोपं नव्हतं. १९६२मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मंडळानं हुकूम काढला की बेने इस्राएलांचं लग्न लावताना आईकडून, आजीकडून चौकशी करा, खरे ज्यू आहेत का ते बघा. दोन हजार वर्षं शमा (आमची मुख्य प्रार्थना) म्हणून काढली आणि इथं आल्यावर दाखला मागतात! १९६४च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं. माझे वडील त्यांत होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, आणि मग मंडळाला हुकूम मागे घ्यावा लागला.

परत गेलेल्यांना इथं 'टिकले नाहीत' म्हणायचे. तिथं गेल्यावर लोक 'हरून आले' म्हणाले असतील. थंडी फार होती हे उत्तर मला तरी पुरेसं वाटतं.

पेठेतली_काकू

दिमोनाकर, यावर वेगळा धागा काढा. वडिलांची गोष्ट सविस्तर लिहा. मराठी तुमचं उत्तम आहे.

मूग_गिळून

वाचतोय. एक शंका. ८४ वर्षांच्या बाईला जे सांगायचं नाही ते काढून घ्यायचा हक्क भाच्याला कुणी दिला? 'चित्रपटाचं पोट' वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण पोट त्यांचं आहे.

सांजवात

@मूग_गिळून, हक्क कुणालाच नसतो, विचारता मात्र येतं. नाही म्हणायचा हक्क त्यांचा. पण भाच्यानं स्वतःच घाबरून विचारलंच नाही, आणि मग पन्नास वर्षांनी त्याची मुलं म्हणणार, आमच्याकडं कुणी बोललंच नाही. 'घरात बोलत नाहीत' ही सबब आपल्याकडं फार सोयीची असते.

बुधवारचा दिवा मागे घेते. बराखाचं माहीत नव्हतं.

खाडीपलीकडे

एक प्रॅक्टिकल मुद्दा राहिला. मशिदीत शूटिंग करायचं तर विश्वस्तांची परवानगी आधी घ्या, लेखी. २००८च्या मुंबईतल्या नरीमन हाउस या ज्यू केंद्रावरच्या हल्ल्यानंतर सगळीकडं पोलीस असतात, ओळखपत्र बघतात, आणि ते योग्यच आहे. फाटक, पहारा, आत यायचा रस्ता असलं काही फ्रेममध्ये घेऊ नका. डोक्यावर टोपी विसरू नका (तुम्हाला सांगायला नको, कॅमेरावाल्या मित्राला सांगा). आणि कुणाचं मयत असेल तर कॅमेरा गाडीतच राहू दे.

शनवारतेली

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती सांगतो.

दिव्याचा प्रश्न सुटला, आणि तो आत्यानंच सोडवला. शुक्रवारी सकाळपासून शूट केलं. काळ्या मनुका भिजत घातल्या, हातानं कुस्करल्या, फडक्यातून पिळल्या. आमच्याकडं किद्दुशला (शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वचनाला) वाइनच्या जागी हेच सरबत. पिळताना तिच्या मनगटाची शीर वर येते, मी कॅमेरा तिथंच ठेवला, बराच वेळ. मग नारळाचं दूध काढून मटण. (मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध नाही, म्हणून आमचं सगळं नारळावर.) मग आंघोळ, घडीची साडी, दिव्यात तेल, वात. मी रेकॉर्ड करतोच आहे. तिनं काड्यापेटी हातात घेतली, खिडकीतून उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चल, बंद कर आता. आणि चप्पल काढ." तिथं कट. दिवा नाहीच. दोघा मित्रांना दाखवलं, दोघांनीही विचारलं नाही की दिवा कुठाय.

रेवदंड्यालाही जाऊन आलो. खिडकीतून ती गप्प बघत होती. मला वाटलं आता काहीतरी खोल निघणार. निघालं ते असं : "हा रस्ता गेल्या वर्षीच केला ना? मग खड्डे कसे?" ठेवलंय.

टवाळ_टिनपाट

खड्डे ठेवा. राष्ट्रीय पुरस्कार नक्की.

ध्वनिवेडा

संगीत काय वापरताय? एक कळकळीची विनंती. ज्यू म्हटलं की एडिटर मंडळी डोळे मिटून पूर्व युरोपातलं रडकं व्हायोलिन लावतात. त्या व्हायोलिनचा आणि रेवदंड्याचा काय संबंध?

शनवारतेली

अहो, माझ्या असिस्टंटनं नेमकं तेच लावलं होतं! आत्यानं ऐकून विचारलं, "कोण गेलं?"

आमच्याकडं कीर्तनं होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनाची घडण घेऊन मोशे, योसेफ यांची आख्यानं रचली, हार्मोनियमवर, साक्या-दिंड्यांसकट. आत्याला त्यांतली दोन-तीन पदं येतात. लग्नात बुलबुलतरंग वाजायचा. ती गाते ते बिनसाथीचं तसंच घेतलंय. मध्ये खोकते, तेही.

पेठेतली_काकू

मलिद्याचं दाखवणार असाल तर प्रमाण द्या हो. पोहे किती, खोबरं किती? आमच्या वाड्यातल्या आजी द्यायच्या ती चव परत मिळाली नाही.

शनवारतेली

काकू, आत्याचं प्रमाण म्हणजे "दिसेल तेवढं". पण पाहिलं ते सांगतो. जाडे पोहे धुऊन निथळत ठेवायचे, भिजत घालायचे नाहीत. ओलं खोबरं पोह्यांच्या निम्म्यानं तरी, साखर, वेलची, जायफळ, बदाम-पिस्ते-बेदाणे. चुलीवर काहीच चढवायचं नाही. ताटात मधोमध ढीग करून भोवती फळं. पाच प्रकार तरी हवेत, त्यांत एक झाडाचं, एक जमिनीतलं. सुवासाला गुलाब नाहीतर सब्जा. एकेका वस्तूची बराखा वेगळी, म्हणून गडबड करायची नाही. पुरुष मंडळी एलियाहू हनाबीचं गाणं म्हणतात आणि आत्या दारातून सूर सुधारते.

नव्याच्या सणाचा (आमच्या नववर्षाचा) चिकाचा हलवाही घ्यायचा आहे, त्याला सप्टेंबर उजाडेल. गहू भिजवून, वाटून, चीक काढून नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा. हल्ली सगळे कॉर्नफ्लोअरवर उरकतात. आत्या अशांशी त्या दिवसापुरतं बोलत नाही.

सांजवात

आणि १९५२?

शनवारतेली

विचारलं. सरळ विचारलं, की तू परत का आलीस, आजोबा काय म्हणाले, तुला काय आठवतं. तिनं आधी माझं वाक्य सुधारलं ("मी आले नाही, मला आणलं"). मग म्हणाली, बोलताना माझं चुकेल, मी लिहून देते. आठवडाभर काही नाही. मग बोलावून घेतलं, माझ्यापुढं वही ठेवली आणि म्हणाली, "मी सांगते, तू लिही." अक्षरशः शुद्धलेखन घातलं. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं. कॅमेरा स्टँडवर होता आणि तिला ते माहीत होतं, तिनंच तो जरा डावीकडं घ्यायला लावला.

काय सांगितलं ते सगळं इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. दिमोनाकरांनी लिहिलं त्यातलं पुष्कळ होतं, पावाचंही. पण तिच्या दृष्टीनं मुख्य गोष्ट वेगळीच निघाली. तिथं तिची एक मैत्रीण झाली होती, इराकहून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. परत निघायच्या वेळी आजोबांनी लाजेखातर कुणालाच सांगितलं नाही, रात्रीच सामान बांधलं, आणि तिला निरोप घेऊ दिला नाही. हा राग तिनं आजोबांवर आजवर धरलाय. बीरशेवावर नाही, इस्रायलवर नाही, पावावर नाही. आजोबांवर.

सांगून झाल्यावर वही घेतली, लाल पेन काढलं आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले. दहापैकी सहा दिले.

मूग_गिळून

माझा आक्षेप मागे. त्यांनी स्वतः स्टँड हलवायला लावला म्हणजे काही बोलायलाच नको.

दिमोनाकर

इराकच्या लोकांच्या छावण्या आमच्या शेजारीच असायच्या. ती बाई आज असेल तर ८०-८५ची असेल. नाव-गाव सांगायची आत्याबाईंची तयारी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इकडं मराठी मंडळी बीरशेवा, लोद, रामले, अश्दोद, सगळीकडं आहेत आणि प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी इराकी आहेच. शोधून मिळेल असं म्हणत नाही. विचारून बघू.

शनवारतेली

आत्याला विचारलं. म्हणाली, "नाव सांगते, पण आडनाव माहीत नाही, आणि शोधून आणलीत तर कॅमेरा घेऊन जायचं नाही." व्यनि करतो.

@खाडीपलीकडे, ड्रोनचा तह झाला. भावाला नवगावची पंधरा सेकंदं दिली आहेत, निवेदन नाही, आवाज फक्त समुद्राचा. आणि ती सुरुवातीला नाहीत, श्रेयनामावलीखाली आहेत. तो अजून पूर्ण खूश नाही.

ध्वनिवेडा

सगळ्या फायलींच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि एक प्रत ठाण्याबाहेर. अश्दोदला पाठवा. भाऊ खूश होईल आणि डेटाही सुरक्षित राहील.

शनवारतेली

पाठवतो. लिंक मागणाऱ्यांना : इतक्यात नाही. क्रम आत्यानं ठरवलाय. आधी ती एकटी बघणार, मग बाबा (सरबताचा डाग राहतोय), मग अश्दोद, मग तुम्ही.

तिकडच्या पोरांना मराठी येत नाही म्हणून हिब्रू सबटायटल्स लागणार आहेत. मजकूर उजवीकडून डावीकडं जाताना पूर्णविराम आणि आकडे भलत्याच टोकाला जाऊन बसतात, माझ्या सॉफ्टवेअरला ते झेपत नाही. मराठी आणि हिब्रू दोन्ही येणारं, सबटायटल्सचं काम केलेलं कुणी असेल तर व्यनि करावा. मानधन आहे. मराठी संहिता आत्या स्वतः तपासून देणार आहे, तेव्हा तेवढी मनाची तयारी ठेवा.